क्रूझर बाईक सजवण्याआधी एकदा मागच्या सीटवर बसून बघा

छत्रपती संभाजीनगर : दोन वर्षांपूर्वी मी एक सेकंडहँड क्रूझर घेतली. दिसायला झकास होती. आधीच्या मालकाने मागचं मडगार्ड कापलेलं, साडी गार्ड काढलेलं, मागच्या सीटची पाठ काढून टाकलेली. गाडी मोकळी-मोकळी आणि दमदार दिसायची. आठव्या दिवशी बेगमला मागे बसवून हर्सूलकडे निघालो. चौकात गाडी हळू केली आणि मागून जोरात ओरडण्याचा आवाज आला. बुरख्याचं टोक मागच्या चाकात ओढलं गेलं होतं. वेग कमी होता म्हणून कापड फाटण्यावर निभावलं. घरी आल्यावर अम्मीने विचारलं, "ती जाळी कुणी काढली होती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण गाडी घेताना मी मागे बसून बघितलंच नव्हतं.

शहरात क्रूझर बाईकचा शौक आता चांगलाच वाढलाय. मोटारसायकल या शहराला नवी नाही. 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि इथल्या हजारो घरांची रोजीरोटी दुचाकीशी जोडली गेली. कुणी कारखान्यात, कुणी सुटे भाग बनवण्याच्या छोट्या युनिटमध्ये, तर कुणी गल्लीतल्या गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम शिकलं. त्यामुळे इथे बाईक 'बनवून घेणं' सोपं आहे. काय बनवून घ्यायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणं मात्र तेवढं सोपं नाही. तेच या लेखात समजून घेऊ.

क्रूझर म्हणजे नेमकं काय?

लांब चाकबूड, खाली असलेली सीट, पुढे ताणलेले फूटरेस्ट आणि मागे वळलेलं रुंद हँडल, ही क्रूझरची ओळख. भारतात सर्वसामान्यांच्या आवाक्यातली क्रूझर आणली ती बजाज-कावासाकीच्या एलिमिनेटरने. त्यानंतर 2005 मध्ये त्याच घडणीवर बजाजची अ‍ॅव्हेंजर आली. पुढे रॉयल एनफिल्डने 2020 मध्ये मीटिओर 350 बाजारात आणली. जुनी थंडरबर्डही अजून रस्त्यावर बरीच दिसते.

अ‍ॅव्हेंजर 220 चं उदाहरण घेऊ. सीटची उंची 737 मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर 1490 मिलिमीटर, वजन साधारण 163 किलो. सीट खाली असल्यामुळे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात. चाकांमधलं अंतर जास्त असल्यामुळे सरळ रस्त्यावर गाडी रेल्वेसारखी स्थिर चालते. पण तीच गाडी शहागंजच्या गर्दीत वळवताना जड वाटते. हा दोष नाही, घडणीचा भाग आहे. क्रूझरमध्ये बदल करताना हे आधी मान्य करावं लागतं. तिला स्पोर्ट्स बाईक बनवायला गेलात तर ना इकडची राहते ना तिकडची.

मडगार्ड कापण्याची फॅशन कुठून आली तेही जाणून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांनी जड मोटारसायकलींचं वजन कमी करण्यासाठी मडगार्ड छाटले, नको ते भाग काढले. त्यातून 'बॉबर' आणि पुढे 'चॉपर' हे प्रकार आले. ते गडी एकटे फिरायचे. आपल्याकडे तीच गाडी सकाळी ऑफिसला, संध्याकाळी भाजी आणायला आणि जुम्म्याच्या सुट्टीत घरच्यांना घेऊन खुलताबादला जाते. म्हणून आपल्या बदलांचा क्रम वेगळा असायला हवा. आधी आराम, मग हाताळणी, सगळ्यात शेवटी देखणेपण.

पैसे खर्च करण्याआधी

जुनी गाडी असेल तर आधी तिला मूळ अवस्थेत आणा. 'गाडी डुलते' म्हणून लोक नवे टायर, नवे शॉकअप घालतात आणि दोष निघतो ढिल्या कोनसेटमध्ये. गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरा आणि फोर्क पुढे-मागे हलवून बघा. 'टक्' असं जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. हँडल मधोमध आल्यावर अडकल्यासारखं वाटलं तर तो झिजलाय. चेनची ढील, चाकांची बेअरिंग, ब्रेक शू, फोर्क ऑइल, हे सगळं एकदा तपासून घ्या.

टायरमधली हवा गाडी थंड असताना भरा. आकडा अंदाजाने नको, गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत दिलेला घ्या. एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा आकडा असतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात, आणि खर्च जवळपास शून्य.

आराम : सीट, हँडल, फूटरेस्ट

गाडीवर आपलं शरीर तीन ठिकाणी टेकतं. बूड सीटवर, हात हँडलवर, पाय फूटरेस्टवर. या तिघांचा त्रिकोण आपल्या उंचीला जुळला की थकवा कमी होतो. साध्या बाईकवर खड्डा आला की आपण पायांवर जोर देऊन थोडं उठतो. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे उठता येत नाही. खड्ड्याचा सगळा धक्का माकडहाड आणि कंबरेला बसतो. तासभर चालवल्यावर कंबर धरते ती यामुळेच.

सीट : सुरुवात इथून करा. लोकांचा समज असा की सीट जितकी मऊ तितकी आरामाची. तसं नसतं. फार मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे होतो. सीटवाल्याला सांगून खाली घट्ट फोमचा थर आणि वर पातळ मऊ थर घालून घ्या. चालकाच्या सीटला मागून थोडी उचल दिली तर कंबरेला आधार मिळतो. कव्हर गुळगुळीत काळ्या रेक्झिनचं घेतलं तर एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात त्यावर बसवत नाही. फिकट रंगाचं, खरखरीत कापड बरं. मागच्या सीटचा उतार पुढे असेल तर ब्रेक मारताना मागचा माणूस चालकावर घसरतो. ती सपाट किंवा किंचित मागे झुकलेली हवी.

हँडल : बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. हात पूर्ण ताणले जात असतील तर हँडल थोडं वर आणि मागे आणणारे रायझर मिळतात. एक इंचाचाही फरक खूप जाणवतो. खांद्याच्या वर जाणारं 'माकडछाप' उंच हँडल फोटोत छान दिसतं, पण थोड्या वेळात हात बधिर होतात आणि अचानक वळवताना ताबा राहत नाही. हँडल बदललं की क्लच वायर, अ‍ॅक्सिलरेटर वायर आणि पुढच्या ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, हे बघा. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. रेस आपोआप वाढली तर वायर कमी पडतेय. अशी गाडी गॅरेजमधून बाहेर काढू नका.

विंडशील्ड : लांबच्या प्रवासात छातीवर येणारं वारं फार थकवतं. काच इतकीच उंच हवी की नजर तिच्यावरून पुढे जाईल. काचेतूनच बघावं लागत असेल तर पावसात आणि रात्री समोरच्या लाइटने काही दिसत नाही.

मागे बसणाऱ्यासाठी : घरातली वडीलधारी माणसं मागे बसत असतील तर पाठ टेकायला बॅकरेस्ट आणि धरायला पक्की दांडी, या दोन गोष्टी आधी करा. अब्बांच्या गुडघ्यांना त्रास असेल तर मागचे फूटरेस्ट किती उंच आहेत तेही बघा. पाय फार दुमडले तर ते दहा मिनिटांतच अस्वस्थ होतात, पण बोलून दाखवत नाहीत.

साडी गार्ड ही सजावट नाही

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 123 नुसार मोटारसायकलला मागच्या माणसासाठी धरायची दांडी, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असणं बंधनकारक आहे. कपडे चाकात अडकू नयेत हाच त्यामागचा हेतू. आपल्याकडे मागे बसणारी बाई साडीत, ओढणीत किंवा बुरख्यात असते. त्यात बहुतेक जणी एका बाजूला पाय टाकून बसतात. कापड नेमकं चाकाजवळ लोंबतं. ओढणी गळ्याभोवती गुंडाळलेली असेल तर धोका कापडापुरता राहत नाही, तो जिवावर येतो.

म्हणून साडी गार्ड काढू नका, आणि सेकंडहँड गाडीला नसेल तर पहिल्याच दिवशी लावा. जाळीची भोकं बारीक असलेलं घ्या. चेनवरचं कव्हरही शाबूत ठेवा. मागे बसण्याआधी बुरख्याचं आणि ओढणीचं टोक मांडीखाली दाबून घेण्याची सवय घरात सगळ्यांना लावा. निघण्याआधी चालकाने एकदा मागे वळून बघायचं. एवढ्याला दोन सेकंद लागतात. आमच्या घरात आता हा नियमच झालाय.

हाताळणी : शॉकअप, टायर, सामान

क्रूझरचा पुढचा फोर्क तिरका असतो. फोर्क जितका तिरका तितकी गाडी सरळ जायला बघते आणि वळायला वेळ घेते. त्यामुळे वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. दौलताबादच्या किल्ल्याजवळचा अरुंद दरवाजा ओलांडून खुलताबादकडे घाट चढताना याची परीक्षा होते. क्रूझर थोडी जास्त कलली की फूटरेस्ट रस्त्याला घासतो. तो आवाज म्हणजे इशारा समजा, त्यापुढे कलवायची नाही.

शॉकअप : बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपवर खाचा असलेली रिंग असते. एकटे असाल तर ती सैल खाचेवर, दोघं आणि सामान असेल तर घट्ट खाचेवर ठेवायची. दोन्ही बाजूंची खाच सारखीच हवी. कितीतरी लोक वर्षानुवर्षं ही रिंग फिरवतच नाहीत आणि 'शॉकअप कडक आहे' म्हणून नवे विकत घेतात. काही जण गाडी अजून खाली दिसावी म्हणून आखूड शॉकअप घालतात. त्याने चार गोष्टी बिघडतात. फूटरेस्ट लवकर घासतो, स्पीड ब्रेकरवर पोट टेकतं, हेडलाइट वर बघू लागतो आणि साइड स्टँडवर गाडी उभीच्या उभी राहून पडायला येते.

टायर : मागे रुंद टायर हा सगळ्यात लोकप्रिय शौक. थोडं गणित करू. अ‍ॅव्हेंजर 220 चा मागचा टायर 130/90-15 आहे. म्हणजे रुंदी 130 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 90 टक्के, रिम 15 इंच. त्याजागी 150/80-15 घातला तर टायरची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण रुंदी 20 मिलिमीटर वाढते. म्हणजे दोन्ही बाजूंना 10-10 मिलिमीटर. तेवढी जागा चेन आणि स्विंगआर्मच्या मध्ये आहे का? नसेल तर टायर घासणार. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो गोल फुगतो, वळताना गाडी आधी अडते आणि मग एकदम पडते. त्यापेक्षा त्याच मापाचा, चांगल्या पकडीचा, योग्य वजनक्षमतेचा टायर घ्या. गाडी 163 किलो, चालक आणि मागचा मिळून 140 किलो धरले तरी दोन टायरवर 300 किलोच्या वर भार येतो, हे लक्षात ठेवा.

आणखी एक. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याचा सेन्सर चाकाच्या फिरण्यावर चालतो. चाक किंवा रिमचं माप बदललं तर एबीएसचा हिशेब चुकतो.

सामान : जड वस्तू खाली आणि चालकाच्या जवळ. मागच्या कॅरिअरवर उंच सामान बांधलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं. बाजूच्या बॅगा दोन्हीकडे सारख्या वजनाच्या ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब राहतील अशी पट्टी बसवा. बॅग जळण्याचे प्रकार नेहमी होतात.

सायलेन्सर : आवाज वाढतो, ताकद नाही

आता सगळ्यात नाजूक विषय. 'सायलेन्सर बदलला की गाडी पळते' हा समज तरुणांमध्ये पक्का आहे. बीएस-6 गाड्या 2020 पासून आल्या. त्यांत इंधन कॉम्प्युटर सोडतो, धुराच्या नळीतला सेन्सर त्याला माहिती देतो आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच नळीत असतो. नुसतं सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावला तर ताकद नावापुरतीही वाढत नाही. उलट हिशेब बिघडून गाडी झटके देते, इंजिन जास्त तापतं. वाढतो तो फक्त आवाज.

आणि तो आवाज कुणाच्या कानात जातो? रात्री अकरा वाजता बुढी लेनच्या किंवा रोशन गेटच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती असतात, आवाज घुमतो. आत कुणी बारावीचा अभ्यास करतंय, कुणाच्या घरी नुकतंच ऑपरेशन झालेलं माणूस झोपलंय, कुणाचं तान्हं बाळ दचकून उठतं. शेजाऱ्याला आपल्यापासून त्रास होऊ नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले. पोरांचे हजारो रुपये त्या रोलरखाली गेले.

कायदा काय सांगतो?

हा भाग वगळू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हाच मुद्दा स्पष्ट केला. मंजुरी घेऊन केलेल्या बदलाची माहिती 14 दिवसांत आरटीओला द्यावी लागते.

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम 190(2) लागतं. त्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. नोकरीसाठी रोज गाडी लागणाऱ्या माणसाला लायसन्स जाणं दंडापेक्षा महाग पडतं.

सोप्या भाषेत सांगायचं तर असं :

चालतं : सीटचा फोम आणि कव्हर, बॅकरेस्ट, विंडशील्ड, ग्रिप, बॅगा, बारीक जाळीचं साडी गार्ड, मूळ मापाचे टायर, मूळ रंगाला धक्का न लावणारे छोटे स्टिकर.

आधी विचारून करा : पूर्ण रंग बदलणं. रंग आरसीवर असतो, म्हणून आरटीओत नोंद करून घ्या. हँडलचा प्रकार बदलायचा असेल तरी आधी चौकशी करा.

करूच नका : सायलेन्सर काढणं, मडगार्ड आणि साडी गार्ड कापणं, चासीला वेल्डिंग, इंजिन बदलणं, कर्णकर्कश किंवा सुरावटीचे हॉर्न, फॅन्सी नंबर प्लेट, आरसे आणि इंडिकेटर काढणं.

विम्याचंही बघा. गाडीत बदल केला आणि विमा कंपनीला कळवलं नाही, तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. नव्या गाडीची वॉरंटीही जाऊ शकते. मेस्त्रीकडून कामाचं पक्कं बिल घ्या.

देखणेपण शेवटी, पण हवंच

एवढं वाचून कुणाला वाटेल की शौक मारूनच टाकला. तसं नाही. गाडी सुंदर दिसावी ही इच्छा चांगलीच आहे. मुंबईत अक्षय वर्दे यांनी 'वर्देंची' या नावाने मोटारसायकली घडवून या कामाला कलेचा दर्जा मिळवून दिला. घरगुती पातळीवरही बरंच करता येतं. गंजलेला क्रोम घासून चमकवा, फुटलेले रबर बदला, लोंबणाऱ्या वायर नीट बांधा, कंपनीचे उडालेले स्टिकर काढून टाकीला छान पॉलिश करा. नवी सीट शिवताना शिलाईचा रंग टाकीच्या रंगाशी जुळवा. कवटीच्या स्टिकरपेक्षा आपल्या शहराच्या हिमरूतली वेलबुट्टी सीटच्या शिलाईत उतरवली तर ती गाडी शंभरात ओळखू येईल.

जास्तीचे लाइट लावायचे असतील तर रिले आणि फ्यूज लावूनच लावा. मूळ वायरिंग कापून टेप गुंडाळणं म्हणजे पावसाळ्यात गाडी बंद पडण्याची, कधीकधी पेटण्याचीही तयारी. आणि लाइटचा झोत खाली ठेवा. जालना रोडवर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येणार.

गॅरेजमधून गाडी घेताना

सगळे बदल एकाच वेळी करू नका. एक बदल करा, आठवडाभर चालवा, मग दुसरा. नाहीतर कशाने बिघडलं तेच कळत नाही. काम झालं की गर्दी नसताना पहाटे थोडं फिरून या. ब्रेक मारून बघा, हँडल दोन्हीकडे वळवून बघा, नट-बोल्ट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. मग दोघांनी हेल्मेट घालून वेरूळपर्यंत, साधारण 30 किलोमीटर, आरामात जाऊन या. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तिकडे फोटोसाठीसुद्धा जाऊ नका.

आणि शेवटी ते काम करा जे मी केलं नव्हतं. गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागच्या सीटवर बसा. पाय कुठे जातात, हात कशाला धरतात, कपडा चाकापासून किती लांब आहे, ब्रेक मारल्यावर काय होतं, सगळं कळतं. मी बसलो तेव्हा पाच मिनिटांत उतरावंसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी साडी गार्ड, मडगार्ड आणि बॅकरेस्ट परत लावून घेतले. गाडी आता पूर्वीइतकी 'मोकळी' दिसत नाही. पण मागच्या महिन्यात अम्मी माझ्या मागे बसून पैठणपर्यंत आली आणि उतरल्यावर कंबर धरली नाही.